दोघांनी खेळायचा खेळ

जळगाव, १२ मार्च १९९५

चि. अभिमन,

आशीर्वाद आहेतच. ते ठेवून घ्यायचे की पाकिटासकट परत पाठवायचे, हे तुझं तू ठरव.

माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं आजोळ पाचोऱ्याचं. काल मधल्या सुटीत ती मैत्रिणींना सांगत होती की पाचोऱ्याला स्टेशनजवळ टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमचं दुकान आहे आणि त्याचा मालक अर्धवट आहे. एकटं गेलं की हाकलतो. म्हणतो, "जोडीदार लई ये, मंग बस." मी फळा पुसत होते. मागे न वळता विचारलं, काय नाव त्याचं? म्हणाली, अभिमनभाऊ.

पुढच्या तासाला मी वर्गसमीकरण सोडवताना दोनदा चुकले. बारा वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. पोरी हसल्या.

तू पाचोऱ्यात आहेस हे आईने मला तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. जळगावहून गाडीने तासभराचा रस्ता. मी आले नाही, तूही आला नाहीस. पण एकट्याला खेळू न देणारा दुकानदार म्हटल्यावर मला राहवेना. असला हट्ट जगात एकाच माणसाचा आहे आणि तो लहानपणी माझ्या ताटातलं पुरण चोरायचा.

आता कामाचं. धुळ्याच्या देवपूरमधल्या आपल्या शाळेतला धनसिंग आठवतो ना, प्रयोगशाळेच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा? परवा तो एका लग्नात भेटला. सरकारी योजनेतून आलेले ते दोन्ही कॉम्प्युटर आता भंगाराच्या यादीत गेलेत. मे महिन्यात उचलून नेणार. एक बंदच आहे, दुसरा सुरू होतो म्हणे. धनसिंगला मी सांगितलंय की आखाजी होईपर्यंत त्याला कोणाला हात लावू देऊ नको. आपण दोघांनी केलेल्या मूळ खेळाची कॅसेट माझ्याकडे आहे. लग्नात आणलेल्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली. ती फक्त त्याच मशीनवर चालते. मशीन गेलं की खेळ गेला.

दुसरं. कॅलेंडरात अक्षय्य तृतीया दोन मेला आहे, म्हणजे आपली आखाजी. माझ्या लग्नानंतर सात आखाज्या झाल्या आणि सातही वेळा मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून वना आला. आपला चुलतभाऊ आहे, गुणी आहे, माझी पिशवी मला उचलू देत नाही. पण सख्खा भाऊ तासभरावर असताना चुलतभाऊ मुराळी येतो हे गल्लीला दिसतं. सासूबाई विचारत नाहीत. त्या विचारत नाहीत हेच मला जास्त लागतं.

यंदा तू ये. मला घेऊन जा. वाटेत देवपूरला उतरू, कॅसेट लावू, एकदा खेळू आणि मग गावी जाऊ. बस्स.

पुण्याच्या त्या कंपनीने आपल्या खेळाचं वाटोळं केलं, हे मला मान्य आहे. पण त्याचा राग तू माझ्यावर किती वर्षं काढणार?

तुझी,
अक्का

जळगाव, ३० मार्च १९९५

अभिमन,

अठरा दिवस झाले. पोस्टमन आता मला फाटकात पाहून लांबूनच मान हलवतो.

बरं, नको लिहू. मी लिहिते. वार्षिक परीक्षेचे पेपर काढून झालेत आणि दुपारी घरात कोणी नसतं. तुझे दाजी कचेरीत, सासूबाई शेजारी पापड लाटायला.

तुला आठवतं का, हे सगळं कशावरून सुरू झालं ते? साल शहाऐंशी. आखाजी करून आपण गावाहून देवपूरच्या खोलीवर परत आलो होतो. तुझं कॉलेज बंद, माझी शाळा बंद, आणि प्रयोगशाळेची किल्ली धनसिंगकडे. तू म्हणालास, अक्का, हे परदेशातले खेळ बघ, सगळ्यांत राक्षस नाहीतर विमानं. एवढं मोठं मशीन, आणि आपल्याकडचं काहीच नाही त्यात. मी म्हटलं, आपल्याकडचं काय घालणार, बैलजोडी? तू म्हणालास, आखाजीला नदीत गवराई बुडवतानाचं भांडण.

मी हसून लोळले होते. पण संध्याकाळी चौकटीची वही घेऊन बसले तीही मीच.

नदीच्या अलीकडे आपल्या गावच्या लेकी, पलीकडे पल्याडच्या. मधे नदी. इकडून ढेकूळ, तिकडून ढेकूळ, आणि ढेकळापेक्षा शिव्या जास्त. वर्षभर सासरी तोंड मिटून राहिलेल्या बायका त्या एका दिवशी काय काय बोलतात! आणि दुसऱ्या दिवशी त्याच पल्याडच्या बायका आपल्या आईकडे लोणच्याच्या कैऱ्या मागायला येतात.

एक बाई आठ चौकोनांत बसवायची होती. आठ आडवे, आठ उभे. माझी पहिली बाई घागरीसारखी दिसत होती, दुसरी धनसिंगसारखी. काष्टा दाखवायला एक चौकोन कमीच पडायचा. शेवटी तू म्हणालास, काष्टा सोड, पदर उडव. दोन चित्रं काढली, एकात पदर खाली, एकात वर. ती आलटून पालटून दाखवली आणि ती बाई एकदम जिवंत झाली. मी त्या दिवशी जेवले नाही, एवढा आनंद झाला होता.

ढेकळाची वाट माझी होती. मुख्याध्यापक खोलीत डोकावले आणि म्हणाले, पाटील बाई, हे कोणत्या विषयात बसतं? मी म्हटलं, प्रक्षेप गती, सर. ते "वा, वा" म्हणत निघून गेले. खोटं नव्हतं ते. ढेकूळ किती वर जातं, कुठे पडतं, सगळं गणितच होतं. फक्त ते गणित कोणाच्या तरी डोक्यात बसत होतं.

आणि कळांचा घोळ. मी माझी कळ दाबून धरली की तुझी बाई जागच्या जागी गोठायची. मशीन एका वेळी एकाचंच ऐकायचं. मी दोन दिवस मुद्दाम कळ दाबून धरत होते आणि तू "अक्का, हाई बराबर नही" म्हणून ओरडत होतास. मग तू ते इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलंस आणि प्रत्येक कळीला वेगळं विचारायची युक्ती शोधून काढलीस. त्या दिवसापासून मशीन दोघांचं ऐकायला लागलं. मला वाटतं, खरा खेळ त्या दिवशी तयार झाला.

शिव्या लिहिता येत नव्हत्या म्हणून तू त्यांचे आवाज केलेस. तीन सूर चढते, एक उतरता. आईला दाखवायला देवपूरला आणलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावून ऐकलं आणि म्हणाली, "हाई शिवी त मनी मायनी शे!" आजीची शिवी तिने नुसत्या सुरावरून ओळखली.

सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र चुकीने झाली. रंग चारच मिळत होते. काळा पडदा, निळी नदी, आपल्या काठच्या साड्या लाल, पल्याडच्या पिवळ्या. सूर्यही पिवळाच. शेवटी सूर्य बुडताना लाल करायचा म्हणून तू मशीनला सांगितलंस की पिवळ्याला आता लाल म्हण. तर सूर्याबरोबर पल्याडच्या साड्याही लाल झाल्या. दोन्ही काठ एकसारखे. कोण आपलं, कोण पल्याडचं, काही कळेना. मी म्हटलं, चूक झाली, सुधार. तू नाही म्हणालास. आई मागून म्हणाली, "राहू दे. बराबर शे."

मग मी विचारलं, पण आई, जिंकलं कोण? गुण कसे मोजायचे? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी वेड्यासारखं काहीतरी विचारलं होतं. "आखाजीले कोनी जितस का? दिन बुडना का जो तो आपला घर."

तू गुण ठेवलेच नाहीत. सूर्य बुडाला की दोन्हीकडच्या बायका आपापल्या गावाकडे चालायला लागायच्या, आणि खेळ संपायचा.

लिहिता लिहिता चहा गार झाला. तू उत्तर पाठव.

अक्का

जळगाव, १४ एप्रिल १९९५

अभिमन,

मागच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी सरळ वागले नाही. आज लिहून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

कंपनीने आपल्या खेळाला हात लावला नव्हता. मी लावला.

आपण खेळ पाठवला, त्यावर त्यांचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं. खेळ आवडला, कॅसेट काढू, करणाऱ्याला पुण्यात कामावर घेऊ. पण दोन अटी होत्या. खेळ एकट्याला मशीनविरुद्ध खेळता आला पाहिजे, आणि शेवटी कोणीतरी हरलं पाहिजे. तू ते पत्र वाचून घडी घातलीस आणि म्हणालास, मग तो आखाजीचा खेळ नाही, दुसरं काहीतरी आहे. विषय तुझ्यापुरता संपला.

माझ्यापुरता संपला नव्हता. तुझं शेवटचं वर्ष होतं. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. माझं लग्न ठरत आलं होतं आणि मी गेल्यावर तुझं काय, हा घोर मला लागला होता. तू कॉलेजला गेलास की शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बसायचे. दोन महिने. पल्याडच्या काठावर मी मशीनला उभं केलं.

आणि तुला सांगते, त्यात मला मजा आली. लपून केलं, पण मजा आली. पहिल्यांदा मशीन चुकतच नव्हतं. गणित त्याच्या घरचंच, प्रत्येक ढेकूळ बरोबर डोक्यात. असल्या बाईशी कोण भांडेल? मग मी त्याला चुकायला शिकवलं. किती चुकायचं, कधी चुकायचं, याचा विचार करत मी रस्त्याने चालायचे आणि ओळखीच्या बायकांना ओळख द्यायची विसरायचे. शाळेत मी बारा वर्षं मुलांना बरोबर करायला शिकवतेय. चुकायला शिकवणं त्याच्यापेक्षा अवघड आहे.

मग गुण घातले. हरणारी बाई नदीत पडायची. सूर्य बुडताना साड्या लाल होत होत्या, तेही काढून टाकलं. कोण हरलं ते कळायला नको का! ते काढताना हात थांबला होता. तरी काढलं.

ती बदललेली कॅसेट मी पुण्याला पाठवली. खेळ निवडला गेला तेव्हा तुला मी सांगितलं की कंपनीनेच बदल करून घेतले. तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, तुला पटलं.

तुझ्यासाठी केलं होतं रे. तुझा राग खरा आहे, मी मान्य करते. आता तरी ये.

अक्का

पाचोरा, १९ एप्रिल १९९५
(पोस्टकार्ड)

ती. अक्कास,

तिन्ही पत्रं मिळाली. मशीनचं तू आत्ता लिहिलंस. मला ते पुण्यात पहिल्याच दिवशी कळलं होतं. मशीनची दोन ढेकळं नेमकी आणि तिसरं हातभर अलीकडे. गावच्या नदीवर तू लहानपणापासून तसंच फेकतेस. मी साहेबांसमोर हसलो होतो.

राग त्याचा नाही. खेळ बदललास, मला वाईट वाटलं, चार दिवसांत गेलं. कॅसेटच्या वेष्टनावर माझं एकट्याचं नाव होतं. तुझं का नव्हतं? मी पुण्याहून तुला पत्र टाकलं होतं. त्याचंही उत्तर आलं नाही. एवढं सांग.

आईचा गुडघा बरा आहे.

अभिमन

जळगाव, २४ एप्रिल १९९५

अभिमन,

तुझं कार्ड पाच वेळा वाचलं. सहाव्यांदा वाचायला सासूबाईंनी मागितलं आणि मी दिलं. त्याचं पुढे सांगते.

कंपनीच्या अर्जात करणाऱ्याच्या नावाला दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत मी माझं लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीत तुझं. खाली सूचना होती, फोटो जोडावेत, माहितीपत्रकात छापले जातील. मी तो अर्ज आठ दिवस पिशवीत घेऊन फिरले. तेव्हा जळगावची मंडळी मला बघून गेली होती आणि होकार यायचा होता. मुलगी शिक्षिका आहे, शांत आहे, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. आणि इकडे माझा फोटो छापून येणार, खाली लिहिलेलं, नदीवर शिव्या देणाऱ्या बायकांचा खेळ हिने केला. मी नवा अर्ज मागवला आणि त्यावर तुझं एकट्याचं नाव घातलं.

तुझ्यासाठी केलं, असं मागच्या पत्रात लिहिलं ना? ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आपोआप लिहिलं गेलं. तुझं भलं व्हावं असं मला वाटत होतं, ते खोटं नाही. पण नाव खोडलं ते भीतीने.

आता तुझं पुण्याचं पत्र. ते पोहोचलं होतं. हळदीच्या आठ दिवस आधी. अजून शब्द न शब्द पाठ आहे. "अक्का, मी साहेबांना सांगितलं की यातलं डोकं माझ्या बहिणीचं आहे. ते म्हणतात दोघं या, दोघांना काम आहे. तू फक्त एकदा येऊन भेट." माझ्याभोवती बांगड्या भरणारी कासारीण, पापडवाल्या, चुलत्या. मी ते पत्र चुलीत घातलं. उत्तर दिलं नाही, कारण नाही म्हणायला हात उठला नसता आणि हो म्हणायची हिंमत नव्हती.

मी आले नाही म्हणून तुला तिथे काय ऐकावं लागलं, ते मला फार उशिरा आईकडून कळलं. बहिणीचं नाव सांगून भाव खातो, असं म्हणाले ना? आणि तू महिन्याच्या आत परत आलास. लग्नात तू तुझ्या दाजींचा कान पिळलास, सगळे हसले, तू हसला नाहीस. मला सगळं कळत होतं. मी मुंडावळ्यांच्या आडून बघत होते आणि मनात म्हणत होते, होईल नीट.

नीट झालं नाही. आठ वर्षं मी कोणत्याही कॉम्प्युटरला हात लावला नाही. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी नवे आले, मला विचारलं, मी म्हटलं मला त्यातलं काही येत नाही. हे वाक्य बोलून मी घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. तुझं नुकसान केलं, आणि माझंही केलं. त्या उन्हाळ्यात मी जेवढी सुखी होते तेवढी पुन्हा झाले नाही, आणि ते सुख मीच खोडून टाकलं.

आता सासूबाईंचं. झुंबरबाईंना तू लग्नात पाहिलंस तेवढंच. तुझं कार्ड वाचून म्हणाल्या, हा कोणता खेळ? मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. नदी, ढेकळं, शिव्या. नाव खोडलं तेही, आणि कोणाच्या धाकाने खोडलं तेही. त्या मांडीवरची परात बाजूला ठेवून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "मी जामनेरकडची. नदीवर माह्या ढेकळाले कोनी पुरत नव्हतं. अन् माही सून इतकी भित्री?"

ज्या बाईला घाबरून मी हे केलं, ती बाई आता रोज विचारते, त्या खेळात उजव्या हाताने फेकतात की डाव्या.

तू मुराळी ये असं आता म्हणत नाही. मला तो हक्क नाही. वना येईल. फक्त जे झालं ते माझ्या हाताने झालं, हे मी लिहून दिलं, एवढं तुझ्याजवळ राहू दे.

अक्का

पाचोरा, १ मे १९९५
तुझ्या दुकानाच्या पायरीवरून, सकाळचे साडेअकरा

अभिमन,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. वेळ जात नाही म्हणून लिहितेय. वही गिरधरभाऊंनी दिली. तुझ्या शेजारचे घड्याळवाले.

काल संध्याकाळी सासूबाईंनी माझी पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं, वना उद्या दुपारी येणार, आत्ताच कशाला? त्या म्हणाल्या, वनाला निरोप गेलाय, येऊ नको म्हणून. तू पाचोऱ्याला जा. मी म्हटलं, आई, असं कुठे असतं का? लेकीने वाट बघायची, भावाने यायचं. त्या म्हणाल्या, "तो रुसेल हाये अन् चूक तुही हाये. मंग कोन जाईन? तूच जाय मुराळी." तुझे दाजी पेपरामागून म्हणाले, गाडी पावणेआठची आहे.

रात्रभर मला झोप आली नाही. दारात उभी राहून काय बोलायचं, ते ठरवत होते. चौतीस वर्षांची बाई, पोरी जिला घाबरतात, ती वाक्य पाठ करत होती.

गाडी वेळेवर आली. स्टेशनबाहेर एकाला विचारलं, त्याने बोटाने दाखवलं. तुझं दुकान माझ्या कल्पनेपेक्षा लहान आहे आणि पाटी वाकडी लागलीय. शटर बंद. कुलूप. मी कुलपाला हात लावून बघितलं, उगाच. मला वाटलं, माझं पत्र मिळालं, आणि मी येईन हे ओळखून हा आखाजीच्या आधीच कुठेतरी निघून गेला. पायरीवर बसले ती बसलेच.

गिरधरभाऊ डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात बघत होते. भिंग न काढता म्हणाले, "अभिमनभाऊ पाहिजे का? त्या त सकायनाच जळगावले गयात. बहीनले लेवाले."

मी विचारलं, कोणाला आणायला?

"बहीनले, बाई. उद्या आखाजी शे ना. कालदिन नवा सदरा लई उनात. माले बी दाखाडा."

अभिमन, मी तिथे भर रस्त्यात रडले. गिरधरभाऊंनी भिंग काढलं आणि घाबरून पाणी आणलं. कोणाचं काय झालं, विचारत होते. मी म्हटलं, ती बहीण मीच. त्यांना ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ते स्वतःच उठून मला कोपऱ्यावरच्या एसटीडीत घेऊन गेले.

आमच्याकडे फोन नाही, शेजारी रुपचंदशेठकडे लावला. बोलवायला माणूस धावला. पलीकडून आधी सासूबाई आल्या, त्या कधी फोनवर बोलत नाहीत, त्यामुळे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. "तुहा भाऊ आठी बसेल हाये! दोन वाट्या रस पेला! अन् तू तठी काय करते?" जणू मला सकाळी त्यांनीच धाडलं नव्हतं.

मग तू आलास. मी पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मग तू म्हणालास, "अक्का, आते तठेच थांब. हालू नको. मी येस."

एवढंच. तेव्हापासून मी हललेली नाही. गिरधरभाऊंनी चहा आणला, सावलीत बसा म्हणाले, नको म्हटलं. कॅसेट पिशवीत आहे. तू आलास की चाळीसगावच्या गाडीत बसू, तिथून धुळे, धनसिंग किल्ली घेऊन थांबणार आहे. नऊ वर्षांची कॅसेट आहे, चालेल की नाही मला ठाऊक नाही. मशीन सुरू होईल की नाही, तेही नाही. काही झालं तरी तिथे आपण दोघं जायचं, हे ठरलं.

हे लिहिताना दोन गाड्या गेल्या. दोन्ही वेळा मी उठून उभी राहिले. दोन्ही वेळा तू नव्हतास, आणि गिरधरभाऊ म्हणाले, पुढची.

आता तिसरी येतेय, भोंगा ऐकू आला. ही वही मी गिरधरभाऊंना परत देणार आहे, पानं फाडून पिशवीत ठेवणार आहे. तुला देणार नाही. आठ वर्षं मी तुझ्यापासून सगळं लपवलं आणि दीड महिना सगळं कागदावर कबूल केलं. कागदावर सोपं जातं, समोरचा माणूस दिसत नाही. नाव मी भीतीने खोडलं, हे तुझ्या तोंडाकडे बघून म्हणायचं अजून बाकी आहे. फार भीती वाटते.

माणसं बाहेर यायला लागली. नवा सदरा दिसतोय. उठते.